आवळत गेलेली पकड

१

पिठाच्या डब्यामागे कीटकनाशकाची बाटली सापडली आणि माझ्या बायकोची खात्री पटली की तिच्या वडिलांवर विषप्रयोग होतो आहे. संशय तिला आधीपासून होता. आता हातात पुरावा आला.

बाटली अर्धी रिकामी होती. तिची जागा रोपवाटिकेतल्या फवारणीच्या कपाटात, कुलपाआड. ती घरात, स्वयंपाकाच्या फळीवर, तीही लपवून ठेवलेली, यावर कुणीही काय समजेल?

माझे सासरे गुलाबांची रोपं तयार करतात. घर आणि रोपवाटिका एकाच आवारात. मागे मोठं काचघर, पुढे विक्रीची जागा. माणूस अंगापिंडाने दणकट आणि आवाज असा की काचघरातून हाक मारली तर रस्त्यावरची गिऱ्हाईकं दचकत. गेल्या काही महिन्यांत या माणसाला कुणी तरी आतून पोखरावं तसं झालं होतं. पायऱ्या चढताना कठड्याला लोंबकळायचे. तोंड सतत कोरडं, म्हणून सारखं पाणी. पापण्या जड झालेल्या. मध्येच एकाच्या जागी दोन वस्तू दिसत. माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून मी त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा तपासले. नंबर जिथल्या तिथे होता. घरच्या डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवून ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या.

हिचा संशय मावशीवर. मावशी म्हणजे सासऱ्यांची दुसरी बायको. सासूबाई गेल्यावर काही वर्षांनी त्यांनी लग्न केलं, तेव्हा हिचं लग्न होऊन गेलेलं होतं. 'आई' म्हणवेना आणि नावाने हाक मारणं बरं दिसेना, म्हणून 'मावशी'. बाई शाळेत गणित शिकवायच्या. बोलणं मोजकं आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, अशी जन्माची सवय.

हिने माझ्यापुढे मुद्दे मांडले. सकाळी मावशी कॉफी देते आणि त्यानंतर बाबांना खुर्चीतून उठता येत नाही. मध्यंतरी बाबा आठवडाभर आपल्याकडे राहिले, तर चक्क बरे झाले. परत गेले आणि पुन्हा आजारी. शिवाय मावशी आणि रोपवाटिकेचा मुकादम दिवसभर कुजबुजत असतात, आपण गेलो की गप्प होतात. बाबा गुलाबांचं सगळं काम हळूहळू त्या मुकादमाच्या हवाली करताहेत. आणि आता ही बाटली.

"उद्या मी पोलिसांत जाणार," ती म्हणाली.

मी म्हटलं, जाऊच, पण आधी आत्याला बोलावू. माझी आत्या गुन्हे शाखेतून निवृत्त झाली होती आणि विषप्रयोगाची प्रकरणं तिने ढिगाने पाहिली होती. हिने बराच विचार केला आणि मान हलवली. मात्र एक अट घातली. आत्यालाही मावशीच दोषी वाटली, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवायची, आणि मी मध्ये पडायचं नाही.

मी कबूल झालो. दुसरं काय करणार?

२

आत्या आली ती विहीण म्हणून, सहज भेटीला. तिचे गुडघे दुखतात आणि ती ते कुणाला विसरू देत नाही. आल्या आल्या तिने सासऱ्यांचा हात हातात घेतला. पोलिसातली सवय, बाई असो, बुवा असो, ती हस्तांदोलन करते आणि बोलणं संपेपर्यंत हात सोडत नाही. त्या दिवशी तिने गुलाबांवरच्या किडीबद्दल इतके प्रश्न विचारले की सासरे कंटाळतील असं मला वाटलं. ते कंटाळले नाहीत. कुठली कीड कधी येते, कुठल्या कलमाला कुठली माती लागते, सगळं त्यांनी बिनचूक सांगितलं. मध्येच पाणी प्यायले. हात तिच्याच हातात.

मग आत्या घरभर फिरली. गुडघ्यांचं निमित्त करून प्रत्येक खुर्चीत बसून पाहिलं. न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. काचघरात कलमं बांधायच्या मेजापाशी सासऱ्यांचं स्टूल होतं, त्याच्याकडे वाकून बघत राहिली. वाकणं हा तिच्यासाठी पराक्रम होता, म्हणून मला नवल वाटलं.

मुकादम तिथेच होता. पन्नाशीचा, सडपातळ, हातांवर काट्यांचे ओरखडे. आत्याने त्याला फवारणीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं. त्याच्याकडेच असते. मग बाटली घरात कशी गेली? बाईंनी मागितली, मी दिली. का मागितली?

मुकादम हातातल्या रोपाची माती दाबत राहिला. म्हणाला, "ते बाईंनाच विचारा."

काचघराच्या कोपऱ्यात एका कुंडीत शोभेचा धोतरा फुलला होता. पांढरी, कर्ण्यासारखी लांबलचक फुलं. आत्या त्याच्यापुढे थबकली. धोतऱ्याने तोंड कोरडं पडतं, हे मलाही माहीत होतं.

३

मावशीशी आत्या स्वयंपाकघरात बोलली. मी आणि ही बाहेरच्या खोलीत होतो. दार उघडं होतं, ते आत्याने मुद्दाम उघडं ठेवलं असावं.

आत्याने वळणं घेतली नाहीत. बाटली पिठाच्या डब्यामागे कुणी ठेवली, हे विचारलं. मावशी म्हणाली, मी. कशासाठी? ते मावशी सांगेना. आत्याने समजावलं, घाबरवलं, तुमच्या सावत्र मुलीला काय वाटतं आहे तेही सांगून टाकलं. मुलीच्या मनात काय आहे ते मावशीला तेव्हाच कळलं. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तिला तसं वाटत असेल, तर मी हे घर सोडून जाते," मावशी म्हणाली. "पण कारण सांगणार नाही. मी शब्द दिलाय."

ही उठून उभी राहिली. शब्द कुणाला दिला असणार, हे तिच्या लेखी उघड होतं. ती मुकादमाच्या दिशेने निघालीही होती. आत्याने बाहेर येऊन तिला दारातच अडवलं आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. मुकादमालाही बोलावून घेतलं.

"या घरात दोन माणसं एक गोष्ट लपवताहेत," ती म्हणाली. "आणि तिसरा त्यांना लपवायला लावतोय."

असं म्हणून तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

४

सासरे पापण्या अर्धवट मिटून बसले होते. आत्या बोलत राहिली, एखादी जुनी हकिगत सांगावी तशी.

पहिली गोष्ट, कीटकनाशक. असल्या विषाने माणसाच्या तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. शेतांवरच्या प्रकरणांत तिने हे पाहिलं होतं. इथे तर तोंडाला कोरड. म्हणजे बाटलीतलं औषध यांच्या पोटात गेलेलं नाही. मग धोतरा? त्याने कोरड पडते खरी, पण माणूस बरळायला लागतो, हवेत हात मारतो. यांनी मघाशी किडींचा सगळा इतिहास न चुकता सांगितला. धोतऱ्याने अंगातली ताकद महिनोन्महिने अशी ओसरत जात नाही.

"विषाचं झालं," ती म्हणाली. "आता खुर्च्यांकडे बघा."

आम्ही पाहिलं. इतकी वर्षं त्या घरात वावरून मला जे दिसलं नव्हतं, ते तिने दुखऱ्या गुडघ्यांमुळे ओळखलं होतं. घरातली प्रत्येक खुर्ची उंच झाली होती. पायांखाली लाकडाचे ठोकळे बसवले होते, त्याच रंगाचे, चटकन लक्षात येणार नाहीत असे. काचघरातल्या स्टुलाखाली विटा. न्हाणीघरात धरायला नवा दांडा. सासरे डोक्यातून घालायचे सदरे आवडीने वापरत, ते जाऊन पुढे बटणांचे शर्ट आले होते. आणि त्यांचा भांग. जन्मभर डावीकडे पाडलेला भांग आता उजवीकडे होता. समोर उभं राहून दुसऱ्याचे केस विंचरणाऱ्याची डावी-उजवी चुकते.

"यांना हात डोक्यापर्यंत नेता येत नाहीत. बसल्या जागेवरून उठता येत नाही. नवऱ्याला मारायला निघालेली बाई त्याच्यासाठी खुर्च्या उंच करत बसेल का?"

मुकादम म्हणाला, ठोकळे मी कापले. बाईंनी सांगितलं, मालकांनी कुणाला सांगू नकोस म्हटलं.

सासऱ्यांनी डोळे उघडले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. म्हणाले, "मीच तिला शपथ घातली होती. मला आंघोळ घालावी लागते, हे माझ्या मुलीला कळायला नको होतं."

बाटलीचं कोडंही मग सुटलं. हातात जोर नसताना फवारणी आपणच करायचा त्यांचा हट्ट होता. एकदा पंप कलंडून औषध अंगावर सांडलं. त्या औषधानेच हे दुखणं आलं असेल, अशी मावशीला धास्ती बसली. मालकांनी किल्ली मागितली तर मुकादमाला नाही म्हणता आलं नसतं, म्हणून तिने बाटली मागून घेतली आणि सासऱ्यांचा हात, एवढंच काय, नजरही जाणार नाही अशा जागी ठेवली. स्वयंपाकघरातल्या मागच्या फळीवर.

"पण आमच्याकडे बरे कसे झाले?" हिने विचारलं. तिचा आवाज ऐकवत नव्हता.

मला आठवलं, त्या आठवड्यात आमचा गिझर बिघडला होता, आणि सासरे कसेबसे एकट्याने गार पाण्याने आंघोळ करत होते. इथे मावशी त्यांना कढत पाण्याने शेकून काढायची, स्नायू मोकळे होतील म्हणून. त्यानंतर कॉफी. अशक्तपणा कॉफीमुळे येत नव्हता, कढत पाण्यामुळे वाढत होता. एवढं आत्याला जुळवता आलं. त्यापुढे तिलाही काही सांगता येत नव्हतं. गुन्हेगार नाही, मग गुन्हा तरी आहे का?

"एकच गोष्ट मला छळतेय," ती म्हणाली. "थकलेल्या माणसाचा हात हातात धरला की पकड हळूहळू सुटत जाते. यांचा हात आधी कापसासारखा होता. बोलता बोलता तो आवळत गेला. असं उलटं मी कधी पाहिलेलं नाही."

५

नसांच्या आजारांची डॉक्टरीण वयाने हिच्याएवढी असेल. आत्याने पकडीची हकिगत सांगताच तिने लिहिणं थांबवलं आणि ती पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावली. त्याबद्दल तिने आत्याचे आभारही मानले. असे आभार मानणारे डॉक्टर मी फार पाहिलेले नाहीत.

तिने सासऱ्यांना पाय लोंबकळत सोडून पलंगाच्या कडेला बसवलं आणि रबरी हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. दुसराही नाही. सासऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखं. मग तिने आपला हात त्यांच्या नडगीवर ठेवला आणि म्हणाली, सगळा जोर लावून माझा हात पुढे ढकला. ते ढकलत राहिले. कपाळावरची शीर फुगली. पुरे, म्हणून तिने लगेच पुन्हा हातोडी मारली.

पाय ताडकन उडाला. तिच्या कोटाला चाटून गेला.

मावशीने माझा दंड घट्ट धरला. तिला वाटलं, बरं वाटायला लागलं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नसांना विजेचे हलके झटके देऊन तपासणी केली, रक्त घेतलं, आणि विचारलं, "सिगारेट ओढायचात का?"

सासरे ऐन उमेदीत भरपूर ओढत. हिच्या लग्नाआधी सोडली होती. खोकला नव्हता, छातीत दुखत नव्हतं.

"छातीचा स्कॅन आजच करू," त्या म्हणाल्या. "हे दुखणं बऱ्याचदा एकटं येत नाही."

६

उजव्या फुप्फुसाच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ होती. कर्करोगाची. झपाट्याने पसरणाऱ्या जातीची, पण अजून छातीच्या बाहेर न गेलेली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून समजावलं. ती गाठ गुपचूप वाढत होती, पण शरीराच्या पहाऱ्यावर असलेल्या पेशींनी तिला ओळखलं आणि तिच्यावर हल्ला चढवला. घोटाळा असा की या जातीच्या गाठीच्या अंगावर जी खूण असते, तीच आपल्या नसांच्या टोकांवरही असते, जिथून स्नायूंना हुकूम पोचतात तिथे. पहारेकऱ्यांनी दोघांनाही शत्रू समजून ठोकलं. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेना, म्हणून अशक्तपणा. जोर लावत राहिलं की निरोप साचत जातो आणि थोडा वेळ ताकद येते, म्हणून पकड आवळत गेली. ज्यांना हा नसांचा आजार होतो, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या छातीत अशी गाठ निघते. खूपदा अशक्तपणा आधी येतो, गाठ नंतर सापडते.

"खोकला येईपर्यंत थांबला असता, तर फार उशीर झाला असता," त्या म्हणाल्या. "हा अशक्तपणा आला, ते बरं झालं असं मी म्हणेन."

हिला रडू येत होतं, पण ती रडली नाही. ती उठली, मावशीच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबांना खुर्चीतून कसं उठवतेस, ते मला शिकव."

मावशीने तिथेच शिकवलं. डॉक्टरांच्या खोलीत, सगळ्यांदेखत. काखेत नाही, कमरेला धरायचं. त्यांचे पाय आधी मागे घ्यायचे. घाई करायची नाही. सासऱ्यांनी विरोध केला नाही. मुलीने कमरेला धरून त्यांना उभं केलं, तेव्हा ते दुसरीकडे बघत होते.

७

पुढचे महिने सोपे नव्हते. शिरेतून औषधं, छातीवर किरणं, उलट्या, तोंडात फोड. भांग डावीकडे की उजवीकडे हा प्रश्नच उरला नाही, कारण केसच राहिले नाहीत. ही आणि मावशी आळीपाळीने रुग्णालयात राहत. मुकादमाने काचघर सांभाळलं. तो रोज एक फूल पाठवायचा. वॉर्डात फुलं आणायला बंदी होती, म्हणून ती सगळी खालच्या चौकशीच्या टेबलावर जमत, आणि तिथली मंडळी आम्हाला ओळखायला लागली.

गाठ आटत गेली तशी नसांची मारामारीही शमत गेली. शिवाय नसांवरचं एक औषध होतंच. एका सकाळी सासऱ्यांनी कुणाला न विचारता जुना सदरा डोक्यातून घातला आणि मावशीपुढे जाऊन उभे राहिले. तिला आधी कळेचना, ते काय दाखवताहेत. कळलं तेव्हा ती कॉफी गाळायची सोडून खाली बसली. सगळी ताकद काही परत आली नाही. अजूनही ते फार वेळ उकिडवे बसू शकत नाहीत आणि जिन्यात थांबतात. पण काचघरातून हाक मारली की रस्त्यावरची माणसं पुन्हा दचकतात.

काही वर्षांनी, एका तपासणीच्या दिवशी, आम्ही सगळे रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. आत्याही आली होती. सासरे स्कॅन करून डॉक्टरांच्या खोलीत गेले होते. कर्करोगाच्या त्या मजल्यावर माणसं हळू बोलतात. हिने इतकी वर्षं मनात ठेवलेलं तेव्हा बाहेर काढलं. म्हणाली, मावशी, मी तुझ्यावर केवढा आरोप केला. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस.

मावशी पिशवीतलं सफरचंद कापत होती. तिने सुरी थांबवली.

"बोलण्यासारखं काय आहे? तू आरोप केलास म्हणून या आल्या," तिने आत्याकडे पाहिलं. "या आल्या म्हणून त्यांचा हात कुणीतरी नीट धरला. तू चांगुलपणाने गप्प बसली असतीस, तर मीही शब्द दिला म्हणून गप्प बसले असते. आपण दोघींनी मिळून त्यांना घालवलं असतं. मला खरं म्हणजे तुझे आभार मानायचे होते, पण असल्या गोष्टीचे आभार कसे मानतात ते सुचत नव्हतं."

तिने सफरचंदाची फोड हिच्या हातावर ठेवली. ही ती खाईना. नुसती धरून बसली. आत्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

इतक्यात दार उघडलं आणि सासरे बाहेर आले. स्कॅन स्वच्छ होता. आता वर्षाने या, असं सांगितलं होतं. हे त्यांनी इतक्या बेफिकीर आवाजात सांगितलं, जणू दुकानातून सुटे आणले. मग आमचे चेहरे पाहून विचारलं, काय चाललं होतं?

"काही नाही," ही म्हणाली. "आम्ही दोघी तुमच्या तक्रारी करत होतो."

"दोघी मिळून?" ते म्हणाले. "मग आता मी काही वाचत नाही."

आधी मावशीला हसू फुटलं. तिला मोठ्याने हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मग ही, मग आत्या गुडघे धरून. सासरे त्या दोघींकडे आळीपाळीने बघत उभेच होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. एक परिचारिका दारातून डोकावली. आम्हाला गप्प करायलाच आली असावी. तिने क्षणभर पाहिलं, आणि काही न बोलता, हसत, दार हलकेच ओढून घेतलं.